धारेवर फिरवलेलं बोट

वामनआण्णांनी मला जे शिकवलं त्ये माझ्या उजव्या हाताच्या बोटावर लिवल्यालं हाये. अंगठ्याच्या शेजारच्या. वाचायला शाळा लागत न्हाई. बारीक बारीक वण हायेत, तिरपे, येकावर येक. बायको म्हणती, ह्ये बोट न्हाई, इळीवरनं निसटलेली भेंडी हाये.

शाळेचं म्हणाल तर दुसरीपतुर गेलतो. मंग गुरुजी घरी आलं आन् आईला म्हणालं, "पोरगं चपळ आहे, त्याला कामाला लावा." आईला लय आनंद झाला. मला बी झाला. शाळेनं माझं कौतुक केलं त्ये तेवढंच. आता बी ह्ये समदं मी बोलतोय आन् लेक लिवतीया. मधीच ती हात थांबवती. "बाबा, हे नको ना, लोक हसतील." मी म्हणलं, लिव. लोक हसले की मला बरं वाटतं, समदं ठीक चाललंय असं वाटतं. तीच खोड मला नडली, त्ये पुढं येईलच.

आमी टाकव्याचं. आण्णा वराळ्याचं, सरकारी परवान्याचं वायरमन. लोणावळ्यातलं बंगलं, मळवलीतली फार्महाउसं, टाकव्यातल्या पिठाच्या गिरण्या, समदीकडं आण्णांचा हात. मी त्यांच्या हाताखाली. त्याच्याआधी मी लोणावळ्यात येका चिक्कीच्या दुकानात खोकी उचलायचो. तितनं मला काढलं, कारण खोकी उचलताना हलकी लागायला लागली. 

आण्णांचं सांगायचं तर लय चांगलं सांगता येईल. पण मळवलीत हिराबाई मावशी म्हणून येक म्हातारी हाये. तिचा उजवा हात विजेनं गेला. तिला वाटतंय, बबन्यामुळं गेला. बबन्या म्हंजे मी. तिला खरं सांगणारा जगात येकच माणूस हुता, आन् त्यो म्हंजे आण्णा. तवा चांगलं बी सांगतो आन् त्ये बी सांगतो.

आण्णांचं समदं आयुष्य येका गोष्टीभवती फिरायचं. पेटीचं तोंड. पेटी म्हंजे पत्र्याचं खोकं, ज्यात मेनस्विच, फ्यूज, पंपाचं स्टार्टर बसवत्यात त्ये. वायर आत घ्यायची तर पत्र्याला भोक पाडावं लागतं. आन् पत्र्याच्या भोकाला धार असती. वायर बिचारी त्या धारेवर गळा टेकून बसती. पंप सुरू झाला की पेटी थरथरती, वायर हलती, आन् धार थोडं थोडं कापत ऱ्हाती. मंग येक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं, आन् समद्या पेटीत वीज उतरती. म्हणून भोक आधी कानशीनं घासायचं, त्यात रबराची कडी बसवायची, तिला आमी बुश म्हणतो, आन् मंगच वायर आत. एवढाच नियम. चार वळींचा. पण आण्णा त्यो असा सांगायचं की जणू ह्या चार वळींसाठीच वीज शोधून काढली.

लहानमोठ्या बुशांची त्यांनी तारेत ओवून येक माळ केली हुती आन् ती मोटरसायकलच्या हँडलला अडकवली हुती. लांबनं बघणाऱ्याला वाटायचं, गाडीला नजर लागू नये म्हणून काळं बांधलंय. कामशेतच्या नाक्यावर येकानं इचारलं बी, "आण्णा, कुटल्या देवाची माळ?" आण्णा गाडी बंद न करता म्हणालं, "वायरीच्या."

बोलायचं कमी. चहा बशीत वतून प्यायचं, आन् पिताना बी बशीच्या कडंवरनं बोट फिरवायचं. कुणाच्या घरी जेवायला गेलं की ताटाच्या कडंवरनं बोट. लग्नात वाजंत्र्याच्या डफाच्या कडंवरनं बोट. माझ्या लग्नात त्यांनी मला घड्याळ दिलं, पण देताना पट्ट्याची कडा तपासूनच दिलं.

माझ्या कामाचा पयला दिवस तुंगार्लीतल्या येका बंगल्यात गेला. मी पेटीला भोक पाडलं. जोर लावून पाडलं, आवाज बी मोठा काढला, मालकीणबाईला ऐकू जावा म्हणून.

"झालं का?" आण्णा म्हणालं.

"झालं आण्णा. येकदम गोल."

"बोट घाल."

"कुटं?"

"भोकात. आन् गोल फिरव. जातं फिरवतो तसं."

मी फिरवलं. अर्ध्यातच असा बोंबललो की मालकीणबाई बाहेर आली आन् तिचं कुत्रं आत पळालं. बोटातनं रगात.

आण्णांनी माझ्या बोटाकडं बघितलं न्हाई, भोकाकडं बघितलं. "वरडलास न्हवं?"

"मंग काय गाऊ का?"

"वायर वरडत न्हाई. म्हणून तुझं बोट घातलं."

ही त्यांची रीत. परत्येक भोकात, ढाकण लावायच्या आधी, ज्यानं भोक पाडलं त्यानं आपलं उघडं बोट फिरवायचं. रगात आलं तर परत कानस. दुसऱ्याचं बोट चालत न्हाई. दुसरे वायरमन हसायचे. त्ये म्हणायचे, वामनआण्णाच्या माणसाला हात मिळवला की कळतं, चिंध्या बांधल्यात. मी बी त्यांच्यात हसायचो. पण येक सांगतो, मी कुटंबी कामाला गेलो आन् माझं चिंधी बांधलेलं बोट बघितलं, की जाणता माणूस म्हणायचा, "आण्णाकडचा का? मंग ठीक." माझ्याकडं सर्टिफिकीट म्हणून काय हुतं त्ये तेवढंच. 

येकदा आमच्याच टाकव्यात गिरणीचं काम निघालं. आण्णांनी मला येकट्याला धाडलं. भोक झालं, घासलं, बोट फिरवलं, रगात न्हाई. पण बघतो तर त्या मापाचा बुशच न्हाई. गिरणीवाला म्हणला, "बबन्या, ह्या बायका दळणं घेऊन उभ्या हायेत, चालू कर." मला काय सुचावं? पायातली रबराची चप्पल काढली, तिचा गोल तुकडा कापला, मधी भोक पाडलं आन् घातला बुश म्हणून. गिरणी चालू झाली. बायका खूश. मी येका पायात चप्पल घालून गावभर, आन् ज्याला त्याला सांगतोय की मी नियम पाळला.

सांजच्याला आण्णा आलं. त्यांनी ढाकण उघडलं, वास घेतला.

"हे काय घातलंस?"

"बुश, आण्णा."

"बबन्या, ह्याला शेणाचा वास येतोय."

"घरचीच चप्पल हाये. पाय धुतलंवतं."

गिरणीवाला पोट धरून हसला. आण्णा हसलं न्हाईत. त्यांनी त्यो तुकडा काढला, खरा बुश बसवला. मंग मला बाहेर घेऊन म्हणालं, "चपलीचं रबर उन्हात तडकतं, उंदीर खातो. चुकलास. पण तू रबर इसरला न्हाईस, पायातली चप्पल इसरलास. त्ये मला आवडलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन चपला आणल्या. मी घालून बघितल्या तर दोनी पायांच्या कडा त्यांनी आधीच कानशीनं घासल्या हुत्या, चावू नयेत म्हणून.

अशा माणसाबद्दल मी वाईट बोलावं, ही वेळ यायला नको हुती.

मोटरसायकलवर मागं बसून मी त्यांना कोडी घालायचो. मळवलीहून लोणावळ्याला जाताना त्ये बोलतं व्हायचं.

"आण्णा, पेटी प्लास्टिकची असली तर? त्याला कुटं धार असती?"

"धार नसली तरी वायरीचा भार कुटं पडतोय त्ये बघायचं. कुणी वडली तर आतलं जोड सुटतं. तोंडाशीच बांधायची."

"आन् लाकडी फळी असली तर?"

"कुसळ असतंय."

"आन् आण्णा, समजा मातीच्या कुंडीतनं वायर नेली..."

"बबन्या, कुंडीत झाड लाव."

मंग थोडं पुढं गेल्यावर आपणहून म्हणायचं, "ध्यानात घे. नियमाला साल असती आन् गर असतो. साल म्हंजे त्यात काय लिवलंय. गर म्हंजे कशापायी लिवलंय. साल सोलून फेकायची, गर खायचा. जो सालीवर भांडतो त्याला काम टाळायचं असतं." 

जो सालीवर भांडतो त्याला काम टाळायचं असतं. ह्ये मी त्यांच्याच पाठीला पोट टेकवून ऐकल्यालं हाये.

आता मळवलीचं.

पुण्याच्या येका मालकाचं तितं फार्महाउस. राखणीला हिराबाई मावशी आन् तिचा म्हातारा, वरच्या ठाकरवाडीचे. विहिरीपाशी पत्र्याच्या आडोशाला पंपाची पेटी. रोज सकाळी पंप चालू करायचा आन् बंद करायचा, त्यो मावशीच्या हातचा. मी तितं गेलो की मावशी म्हणायची, "आला का रं बाळा, बस." मंग नाचणीची भाकर आन् खेकड्याचा रस्सा. मी काय बी बोललो तरी मावशी तोंडाला पदर लावून हसायची. मी म्हणायचो, "मावशी, तुझ्या रस्श्यात खेकडा कमी आन् पाणीच जादा, खेकडा पोहून गेला वाटतं." ती म्हणायची, "तुझ्यावानीच हुता त्यो, तिरका. गेला तिरका." माझी आई गेल्यावर मला बाळा म्हणणारी तीच येक उरली हुती.

मालकानं बागंत कारंजं बसवलं. त्याला पंपाच्या पेटीतनं वीज द्यायची हुती. दुपारच्याला मालकाचे पाहुणे येणार, आन् नेमका त्याच दिवशी वराळ्यात आण्णांच्या पोराचा साखरपुडा. आण्णांनी मालकाला शब्द दिल्याला, म्हणून आलं, पण माझ्या स्कूटरवर. त्यांची गाडी पोरानं पाहुणं आणायला नेली हुती. आन् गाडीबरोबर माळ बी. मालक अजून यायचा हुता, मावशी आन् म्हातारा आत पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत, विहिरीपाशी आमी दोघंच. 

आण्णांचा फोन सारखा वाजायचा. घरनं. "पाहुणं टेकलं, तुमी कुटं?" आण्णा घामानं निथळत हुतं. मला बाजूला केलं आन् सोताच छिन्नी-हातोडीनं पेटीच्या बुडाला भोक पाडलं. मी त्यांच्या हातनं असलं भोक कवाच बघितलं नव्हतं. कडा म्हंजे करवतीचं दात. तसंच त्यांनी कारंज्याची केबल आत वडली.

"आण्णा, बुश?"

"माळ गाडीला हाये."

"मी कामशेतला जाऊन आणतो की. आलोच."

"तू येईपतुर माझं व्याही जेवून परत जातील." मंग माझ्याकडं न बघता म्हणालं, "हे बघ. नियमात काय म्हणलंय? वायर. ही वायर हाये का? ही केबल. हिला दोन कातड्या. कंपनीनं वरची कातडी कशाला दिलीया? तोच तिचा बुश."

"मंग बोट तरी फिरवता?"

आण्णांनी आपलं बोट बघितलं. नवा पांढरा सदरा अंगावर, साखरपुड्याचा.

"आज नको. लाव ढाकण."

मी लावलं. मला पटलं बी. आण्णांनी म्हणलं असतं की आज गाईनं दूध न देता थेट दहीच दिलंय, तरी मी वाटी पुढं केली असती. साखरपुड्याला जाऊन मी जिलबी खाल्ली, चार माणसं हसवली. 

पावसाळा सरत आला तवाची गोष्ट. मावशी सकाळी पंप बंद करायला गेली. हात वला. पेटीला लागला आन् तितंच चिकटला. म्हाताऱ्यानं प्रसंगावधान राखून लाकडी खोऱ्याच्या दांड्यानं तिला बाजूला ढकललं, म्हणून जगली. तळवा जळला. दोन बोटं आत वळली ती परत सरळ झाली न्हाईत. पेटीतली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार पावसात गंजून तुटली हुती, म्हणून फ्यूज बी उडाला न्हाई. समदी वीज मावशीच्याच वाट्याला.

चौकशीला सरकारी निरीक्षक आलं. शांत माणूस. मावशी हाताला पांढरं गुंडाळून वट्यावर बसलेली, शेजारी म्हातारा, मालक, आण्णा आन् मी. निरीक्षकानं ढाकण काढलं, आत बॅटरी मारली. बुडाच्या भोकात केबल बसली हुती, आन् दोनी कातड्या कापून तांबं पत्र्याला टेकलं हुतं. 

"हे भोक कोणी पाडलं?" निरीक्षक म्हणाले. "केबल कोणी ओढली?"

मी आण्णांकडं बघितलं. मला वाटलं, आता आण्णा सांगतील की घाई हुती. मालक बी हुता, त्यालाच कारंजं पायजे हुतं. सांगण्यासारखं लय हुतं.

आण्णांनी खाकरून घसा साफ केला. "सायेब, वायर असो नायतर केबल असो, पेटीच्या तोंडाशी बुश पायजे म्हंजे पायजे. बाहेरची कातडी हाये म्हणून सोडायचं, असं नियमात कुटं बी न्हाई. मी माझ्या माणसांना रोज सांगतो. परत्येकाला बोट फिरवायला लावतो, गावात कुणालाबी इचारा." मंग माझ्याकडं हात केला. "ह्यानं वडली. मी घरी कार्य होतं म्हणून लवकर निघालो. शाळा न्हाई झाल्याली, सायेब. ह्याला वाचता येत न्हाई."

आन् मी हसलो.

खरं सांगतो, मला वाटलं आण्णा थट्टा करत्यात. आण्णांनी आयुष्यात थट्टा केली नव्हती, पण त्या दिवशी मला वाटलं, केली. बबन्याला वाचता येत न्हाई ह्यो तर आमच्याकडचा जुना इनोद, मीच सुरू केल्याला. आता आण्णा डोळा मारतील आन् म्हणतील, न्हाई सायेब, मीच पाडलं. मी दात काढून वाट बघत हुतो. चांगला खिदळत हुतो. 

कुणीच हसलं न्हाई. निरीक्षकानं वर बघितलं. "हसायला काय झालं? बाईंचा हात गेलाय." 

मी तोंड मिटलं. आन् मावशीकडं बघितलं. मावशी माझ्या दाताकडं बघत हुती.

येताना स्कूटर मी चालवत हुतो, आण्णा मागं. कामशेतला त्ये उतरलं, बसनं पुढं जातो म्हणालं. मी म्हणलं, "आण्णा, तुमी असं का वो केलं?"

त्यांनी स्कूटरच्या आरशाच्या कडंवरनं बोट फिरवलं. "माझा परवाना गेला तर माझं घर गेलं. पोराचं लगीन हाये. तुझ्याकडं परवानाच न्हाई. तुझं काय जाणार, बबन्या?"

त्ये बसमधी बसलं बी. मी तितंच उभा. माझं काय जाणार, त्याचा इचार करत. मला त्यांचं पटायची इतकी सवय हुती, की थोडा वेळ ह्ये बी पटलं.

आण्णांना ताकीद मिळाली, माणसांवर नीट देखरेख ठेवा म्हणून. मला मालकानं सांगितलं, फाटकाच्या आत पाय ठेवू नको. बंगल्याबंगल्यांतनं बातमी गेली. माझं चिंधी बांधलेलं बोट बघून आधी लोक म्हणायचे, आण्णाकडचा का, मंग ठीक. आता बी म्हणायचे, आण्णाकडचा का? आन् मंग म्हणायचे, आच्छा, त्यो तू. मी मिक्सर दुरुस्त करायला लागलो. पंख्याची पाती पुसून द्यायला लागलो. त्ये चालतंय. इनोदी माणसाला उतरायला पायऱ्या कमी असत्यात, मी आधीच खाली हुतो.

पण मावशीचं चालंना. मालक नसताना मी कुंपणापाशी गेलो. मावशी डाव्या हातानं झाडत हुती.

"मावशी, त्ये भोक मी न्हाई पाडलं गं. आण्णांनी पाडलं. घाई हुती त्यांना."

ती झाडत ऱ्हायली. "आण्णा मोठं माणूस हाये. रोज बोट फिरवत्यात. समद्यांना ठावं हाये."

"त्या दिवशी न्हाई फिरवलं. देवाशप्पथ."

मंग ती थांबली. "चूक कुणाची बी होती. मी चुकीवर न्हाई रागावले. तुमी हसला."

"अगं मला वाटलं आण्णा थट्टा..."

"थट्टाच हुती तुमाला. माझा हात गेला आन् तुमी दात काढलं." 

तुमी. बाळाचं तुमी झालं. शिवी दिली असती तर मी तिला परत हसवलं असतं. तुमी म्हणल्यावर माणूस काय करणार? म्हणली, "चहा न्हाई केला अजून. निघा तुमी." वाडीतली बारकी पोरं तितं खेळत हुती, त्यांना म्हणली, "त्यांच्या हातातल्या हत्यारांच्या पिशवीला शिवू नका रं."

अशी बरीच वर्षं गेली. मी मळवलीवरनं जाताना मान खाली घालून जायचो. आन् मनात येकच, आण्णांनी येकदा कुंपणापाशी येऊन येक वाक्य बोलावं. कागदावर नको, निरीक्षकासमोर नको. मावशीसमोर. मी भोक पाडलं, बबन्यानं न्हाई. एवढंच.

ह्या वर्षी आण्णांच्या पोराचा फोन आला. "घरी इन्व्हर्टर बसवायचाय. बाबा म्हणतायत, बबनलाच बोलवा. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत." 

बायको म्हणली, "जाऊ नका." लेक म्हणली, "बाबा, तुम्ही जाणारच." लेक शिकल्याली हाये.

वराळ्यात आता आण्णांच्या घराभवती समद्या इमारती उठल्यात, घर मधी खाली बसल्यावानी दिसतं. आण्णा अंगणात खुर्चीवर. साखरेच्या आजारानं पार वाळलेलं. पायाला पट्टी, डोळ्याला जाड भिंगं. हँडलची माळ आता दाराच्या खिळ्याला हुती. रबर तडकून पांढरं पडल्यालं.

"आलास का, बबन्या."

"आलो, आण्णा."

मी पेटी भिंतीला लावली, खुर्ची त्यांनी जवळ घेतली. मी भोक पाडायला लागलो आन् ड्रिलच्या आवाजात म्हणून टाकलं. तोंडावर म्हणायची छाती नव्हती.

"आण्णा, येक डाव मळवलीला येता का? माझ्या स्कूटरवर नेतो, परत सोडतो. हिराबाई मावशीला भेटायला."

"कशाला?"

"तुमाला ठावं हाये कशाला."

ड्रिल थांबेपतुर आण्णांनी वाट बघितली. मंग म्हणालं, "ती जिती हाये न्हवं? झालं त्ये गाडलं. उकरून काय मिळतंय?"

"मला मिळतंय, आण्णा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बिनचष्म्याचा त्यांचा चेहरा मी पयल्यांदा बघितला. "तू हसलास," म्हणालं. "मी तसं म्हणलो आन् तू हसलास. मला वाटलं, तुझी काय हरकत न्हाई. तू वरडला असतास तर मी सावरून घेतलं असतं."

वायर वरडत न्हाई, असं मी म्हणणार हुतो. सुचलं हुतं, अगदी जिभंवर आलतं. पण म्हणलो न्हाई. जिथं उत्तर द्यायचं तिथं माझं तोंड आन् माझं डोकं कवाच येका गाडीनं पोचत न्हाई.

"सरक," आण्णा म्हणालं. "भोक बघू दे."

"मी फिरवतो की बोट. मी पाडलंय."

"सरक म्हणतो न्हवं."

हात धरून त्यांना उठवलं. त्यांनी आपलं बोट भोकात घातलं आन् गोल फिरवलं. डोळे मिटून, सावकाश, येक पुरा फेरा. अजून घासलं नव्हतं मी. कडा तशीच हुती. मी म्हणणार, आण्णा थांबा, पण त्यांचा चेहरा हललाच न्हाई. साखरेनं त्यांच्या बोटातली जाणीव गेल्याली, त्ये मला तवा कळलं. त्यांना अजून बी कळलं नव्हतं.

"गुळगुळीत हाये," म्हणालं. "छान झालंय. लाव ढाकण."

पत्र्याच्या कडंला लाल रेघ उमटली हुती.

"व्हय आण्णा," मी म्हणलं.

त्यांना परत खुर्चीवर बसवलं. मी भोक कानशीनं घासलं, पुसलं, नवीन बुश बसवला, केबल आत घेतली, ढाकण लावलं. समदं केलं तसं, जसं त्यांनी शिकवल्यालं. हत्यारं पिशवीत भरली. मागं वळलो तर सून चहा घेऊन अंगणात आल्याली, आन् कपबशी हातात तशीच धरून ओरडली.

"अहो बाबा, धोतरावर रक्त कसलं? काय लागलं?"

आण्णांनी मांडीवरचा लाल डाग बघितला. भिंगं जवळ नेऊन बघितला. मंग समोर माझ्याकडं बघितलं.

"मला कुटं काय लागलंय," म्हणालं. "ह्याचं असंल. बबन्या भोक पाडत हुता न्हवं."

आन् सून माझ्याकडं बघायला लागली. मी बी कसला मूर्ख. पिशवी खाली ठेवली आन् माझी दोनी हातांची बोटं उलटीपालटी करून बघितली.